थंडावा कुणाच्या खर्चानं?

घर पहावं बांधून आणि लग्न पहावं करून, असं म्हणतात. लग्नाचा विषय मी सध्या टाळतोय, त्यामुळे घरच्यांनी मला घराच्या कामाला लावलंय.

आमचं गाव आटपाडी तालुक्यात, म्हणजे माणदेशात. तिथलं आजोबांच्या वेळचं धाब्याचं घर आता पडायला आलंय. बाबा पुढच्या वर्षी रिटायर होतील. काका-काकू तिथंच असतात. आजी तर गाव सोडून चार दिवसांच्या वर कुठं राहत नाही. त्या जागेवर नवं घर बांधायचं ठरलं आणि प्लॅन बघायला माझ्याकडे आला, कारण घरात इंजिनिअर मीच. सॉफ्टवेअरचा इंजिनिअर आणि घराचा इंजिनिअर यात फरक असतो, हे मी दोनदा सांगून बघितलं. उपयोग झाला नाही.

प्लॅन कोल्हापुरातल्या एका ठेकेदारानं काढलेला. दोन मजले, सपाट स्लॅब, आणि रस्ता पश्चिमेला म्हणून घराचं तोंडही पश्चिमेला. त्या बाजूला वरपासून खालपर्यंत काच, बाजूनं काळ्या ग्रॅनाइटचा पट्टा. पार्किंगसाठी अंगणातला लिंब तोडायचा. प्रत्येक बेडरूमच्या भिंतीवर एसीची जागा आधीच आखलेली. त्याखाली चुलतभावाचा मेसेज : ‘एलिव्हेशन कडक आलंय ना?’ आणि सोबत एक रील. वाळवंटात उभं असलेलं काचेचं घर, निळाशार पूल, मागं उघडे डोंगर.

हे सगळं मी जुलै महिन्यात, कोल्हापुरातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये बसून बघत होतो. बाहेर तीन दिवस पाऊस उघडला नव्हता. दोरीवरचे कपडे आंबट वास मारायला लागले होते. आणि मला पहिला प्रश्न पडला तो असा, की हे घर नेमकं कुठल्या गावासाठी काढलंय?

कोल्हापूरपासून आमचं गाव शंभर-सव्वाशे किलोमीटर. पण पावसाच्या हिशेबानं दुसरा देशच. कोल्हापूरच्या पश्चिमेला गगनबावड्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तिथून पूर्वेकडे निघालं की सह्याद्रीच्या आड ढग रिकामे होत जातात आणि आटपाडीला पोचेपर्यंत पाचशे मिलिमीटरही धड उरत नाही. ते वाळवंट नाही. ज्वारी-बाजरी होते, आता टेंभू योजनेचं पाणी आल्यापासून डाळिंबाच्या बागाही दिसतात. पण एप्रिल-मे महिन्यात दुपारी दोन वाजता माळावर उभं राहिलं की वाळवंट म्हणजे काय हे वेगळं शिकवावं लागत नाही.

मुंबईचं घर बावड्यात बांधलं तर भिंतींना बुरशी येते. बावड्याचं घर आटपाडीत बांधलं तर माणूस भाजतो. एवढं साधं आहे. तरी आता सगळीकडे एकच घर दिसतं. ठेकेदाराला दोष देण्यात अर्थ नाही, तो लोक मागतात तेच काढतो.

आमच्या भागात हे जरा जास्त दिसतं, त्याला कारण आहे. खानापूर, आटपाडी, विटा या पट्ट्यातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या सोनं-चांदी गाळायच्या, म्हणजे गलाईच्या धंद्यात देशभर गेली. दुष्काळानं बाहेर काढलं आणि भट्टीनं जगवलं. त्या माणसांनी गावाकडे टोलेजंग बंगले बांधले. संगमरवर, रंगीत काचा, गच्चीवर कमान. त्यातले कितीतरी बंगले वर्षभर कुलपात असतात. जत्रेला उघडतात, आठ दिवस माणसांनी भरतात, परत कुलूप. लहानपणी मला त्या बंगल्यांचा हेवा वाटायचा. आता वाटतं, की ती घरं राहण्यासाठी नव्हतीच. ‘आम्ही इथून उपाशी गेलो होतो, आता बघा,’ हे गावाला सांगण्यासाठी ती होती. आणि ते सांगायचा त्यांना पूर्ण हक्क होता.

रीलमधल्या घरांची गोष्टही फार वेगळी नाही. वाळवंटातल्या काचेच्या आधुनिक घरांचं नाव निघालं की कॅलिफोर्नियातल्या पाम स्प्रिंग्जचं कॉफमन हाउस हमखास पुढं येतं. रिचर्ड नॉयट्रा या वास्तुरचनाकारानं ते 1946 साली बांधलं. जगभर त्याचे फोटो फिरले, नकला झाल्या. पण ते घर मालकानं हिवाळ्यात येऊन राहण्यासाठी बांधून घेतलं होतं, ही गोष्ट फोटोत दिसत नाही. म्हणजे ज्या घराकडे बघून आपण वाळवंटात कसं राहायचं हे शिकतोय, ते घर वाळवंटातला उन्हाळा काढायला बांधलेलंच नव्हतं. त्यांचा बंगला थंडीपुरता, आमचे जत्रेपुरते.

आमच्या घरात मात्र आजी राहणार होती. बाराही महिने.

*

मग मी तेच केलं, जे माझ्या वयाचा कुठलाही मुलगा करतो. पंधरा दिवस रात्री जागून व्हिडिओ बघितले. लॉरी बेकर यांनी केरळात बांधलेली स्वस्त आणि देखणी घरं बघितली. सेवाग्रामची बापू कुटी बघितली : वर्ध्याच्या उन्हात माती, बांबू आणि कौलं यांवर उभी असलेली. आणि शेवटी आमचंच जुनं घर नव्यानं बघितलं.

धाब्याच्या घराची भिंत हातभराहून जाड. वर लाकडी तुळया, त्यावर फळ्या, त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. दुपारचं ऊन त्या मातीत शिरतं, पण आतल्या बाजूला पोचेपर्यंत रात्र होते. तोवर बाहेर गार वारा सुटलेला असतो आणि माणसं अंगणात झोपायला गेलेली असतात. चार-पाच इंची स्लॅबला एवढा धीर नसतो. तो दुपारभर तापतो आणि संध्याकाळपासून ती उष्णता खाली सोडायला लागतो, नेमकी माणूस पाठ टेकतो तेव्हा. आमच्या भाषेत सांगायचं तर जुनं घर लेटन्सी वाढवून प्रश्न सोडवत होतं. आयुष्यात पहिल्यांदा मला लेटन्सी चांगली वाटली.

मी गावी गेलो आणि आजीला मोठ्या उत्साहानं सांगितलं, की आपण मातीचंच घर बांधू. नव्या पद्धतीचं, पण मातीचं. तिनं शेंगा फोडता फोडता ऐकून घेतलं आणि विचारलं,

“तुला मातीचं लय कौतिक. कवा सारवलंयस का?”

मी काही बोललो नाही.

“वरीसभर सारवायचं. पाऊस यायच्या आदी धाब्यावर माती न्हेऊन टाकायची. डोईवर पाटी आन् हाताला शिडी. तुजा आज्जा खाली हुबा ऱ्हाऊन सांगायचा, हितं टाक, तितं टाक. रात्री पाऊस आला की हितं पातेलं ठिव, तितं बादली ठिव. घर गार हुतं, खोटं कशाला बोलू. पर गार कुनामुळं हुतं?”

या लेखाचा विषय मला तिथं मिळाला. पंधरा दिवसांच्या व्हिडिओंमध्ये मातीच्या घराची जाडी होती, तापमानाचे आलेख होते, कार्बनचा हिशेब होता. पाटी वाहणारी बाई त्यात कुठं नव्हती.

आणखी एक गोष्ट त्यात नव्हती. 30 सप्टेंबर 1993ची पहाट. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, गावं दमून झोपलेली, आणि किल्लारीचा भूकंप झाला. हजारो माणसं गेली. बहुतेक गेली ती घराखाली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर वर्षानुवर्षं थरावर थर चढून जड झालेलं मातीचं छत. ज्या वजनामुळे घर गार राहत होतं, तेच वजन अंगावर आलं. आमचं गाव तिथून लांब. पण बाबा सांगतात, बातम्या आल्यावर आजोबांनी कितीतरी दिवस घरात अंथरूण टाकलं नाही. त्यानंतर मराठवाड्यात आणि आमच्याकडेही ‘स्लॅब’ हा शब्द सुरक्षिततेसाठी वापरला जाऊ लागला. ते अडाणीपणानं नव्हे, अनुभवानं.

इजिप्तमध्ये हसन फाथी नावाचा थोर वास्तुरचनाकार होऊन गेला. 1940च्या दशकात त्यानं लक्सॉरजवळ न्यू गुर्ना नावाचं अख्खं गाव कच्च्या विटांत बांधायला घेतलं. वाळवंटाला साजेशी, गार, घुमटांची सुंदर घरं. ज्या गावकऱ्यांसाठी ती बांधली, त्यातले बहुसंख्य तिथं राहायला गेलेच नाहीत. कारणं अनेक होती. जुन्या गावाखालच्या प्राचीन थडग्यांवर त्यांचं पोट होतं, ते सोडून कोण जाईल? पण एक कारण असंही सांगतात, की त्यांच्याकडे घुमट असतो तो मेलेल्या माणसाच्या थडग्यावर. फाथीला घुमटात थंडावा दिसत होता, त्यांना घुमटात मरण दिसत होतं.

मला मातीत शहाणपण दिसत होतं. आजीला मातीत गुडघेदुखी दिसत होती.

*

तेव्हा प्रश्न ‘माती की सिमेंट’ असा नाहीच. प्रश्न आजीनं विचारला तोच आहे : घर गार कुणामुळे होतं?

भौतिकशास्त्र याबाबत निर्दय आहे. एसी थंडावा तयार करत नाही. तो आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो, आणि ती उचलायला जेवढी वीज लागली तेवढी उष्णता वरून आणखी टाकतो. म्हणजे माझी खोली जेवढी निवते, त्याहून जास्त जगाची खोली तापते. कोल्हापुरातल्या माझ्या फ्लॅटच्या एसीचं बाहेरचं यंत्र डक्टमध्ये बसवलंय. त्याचं तोंड शेजारच्या काकूंच्या स्वयंपाकघराच्या खिडकीकडे आहे. दोन उन्हाळे मी त्या गारव्यात बसून काम केलं. ओट्याशी उभं राहून माझी उष्णता सोसायला त्या तयार आहेत का, हे मी कधी विचारलं नव्हतं. प्लॅन हातात येईपर्यंत ते डोक्यातही आलं नव्हतं.

पाण्याचंही असंच असतं, हे कोल्हापूरकरांना सांगायला नको. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी 43 फूट आहे. 2019 आणि 2021, दोन्ही वर्षी नदी त्याच्या दहा फुटांहून अधिक वर गेली. पाऊस प्रचंड होता हे खरंच. पण नदीकाठच्या सखल जमिनीत एकजण भराव टाकतो, आपला प्लॉट चार फूट उंच करून घेतो आणि सुरक्षित होतो. त्याच्या जागेत मावणारं पाणी नाहीसं होत नाही, ते शेजारच्याच्या उंबऱ्यावर जातं. आपण सुटलो म्हणजे प्रश्न सुटला, असं वाटायला लावणारी सगळ्यात मोठी वस्तू म्हणजे घर.

सॉफ्टवेअरमध्ये आम्ही रोज हेच करतो. एखादी चूक आपल्या मॉड्यूलमध्ये दुरुस्त करायला वेळ लागणार असेल, तर ती गुपचूप पुढच्या टीमकडे सरकवायची. आपला बोर्ड हिरवा. पुढच्या टीमला रात्री दोन वाजता फोन.

मग मी एक वही घेऊन हिशेब मांडला. धाब्याच्या घराचा थंडावा : खर्च आजीचा. काचेच्या घरात एसीचा थंडावा : खर्च विजेचा, शेजाऱ्याचा, आणि ज्याला एसी परवडत नाही अशा प्रत्येकाचा. कुलपातल्या बंगल्याचा थंडावा : कुणालाच मिळत नाही, पण विटांसाठी गेलेली माती आणि वाळूसाठी उपसलेली नदी यांचा खर्च मात्र झालाय. फुकट थंडावा कुठंच सापडेना.

मग लिंबाच्या झाडाजवळ येऊन मी अडकलो. त्याची सावली तर फुकटच आहे ना? नाही. ते आजोबांनी लावलं. दुष्काळात घागरीनं पाणी घालून जगवलं. ते पाणी कुणी शेंदून आणलं हे मी आता विचारायला शिकलोय, म्हणून विचारलं. आजी म्हणाली, “मीच. पर त्ये मला आवडायचं.”

त्या एका वाक्यानं माझी वही पूर्ण झाली. प्रत्येक सुखाची किंमत कुणीतरी मोजतंच, त्यात लाजण्यासारखं काही नाही. लाजण्यासारखं एवढंच, की जो मोजतोय त्याला विचारलेलंच नसतं. धाब्यावर माती वाहताना आजीला कुणी विचारलं नव्हतं. झाडाला पाणी घालणं तिनं स्वतः ठरवलं होतं. कष्ट तेच, डोईवरचं ओझंही बहुधा तेवढंच. पण एक तिच्यावर टाकलेलं होतं आणि एक तिनं उचललेलं होतं. चांगलं घर कशाला म्हणायचं, याची माझी व्याख्या आता एवढीच आहे : ज्या घराचं सुख विकत घेताना, न विचारलेल्या माणसाच्या नावावर बिल फाडलेलं नाही.

हे बोलायला सोपं आहे. बाबांनी लगेच विचारलं, “एवढा विचार गावाकडच्या घरातच का? शहरात एसी लावताना केला होतास? शहरातल्या माणसानं गारव्यात बसायचं आणि गावातल्या माणसानं पृथ्वी वाचवायची?” बाबांचा मुद्दा खरा आहे आणि त्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. आयुष्यभर उन्हात घालवलेल्या माणसानं एसी मागितला तर त्याला पर्यावरण शिकवणारा मी कोण? म्हणून मी एसीला नाही म्हटलं नाही. मी एवढंच म्हटलं, की एसी ज्या दिवशी बंद पडेल, वीज जाईल, किंवा बिल बघून काकू तो लावणारच नाहीत, त्या दिवशीही आजीला दुपारी झोप लागली पाहिजे. घरानं आपलं काम आधी करावं, यंत्रानं नंतर.

कोल्हापुरात परत आल्यावर मेकॅनिकला बोलावून बाहेरच्या यंत्राची जागा बदलून घेतली. उष्णता तेवढीच बाहेर पडते. आता ती कुणाच्या ओट्यावर पडत नाही, एवढाच फरक. याला मी सद्गुण म्हणणार नाही. उशिरा भरलेलं बिल म्हणेन.

*

तर घराचं काय ठरलं?

आमच्या अक्षांशावर, साधारण साडेसतरा अंशांवर, मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. सावली पायाखाली जाते. म्हणजे ऐन उन्हाळ्यात दुपारचं ऊन भिंतींवर नव्हे, छतावर पडतं. आणि संध्याकाळी तिरकं होऊन पश्चिमेच्या भिंतीवर. घराची खरी लढाई या दोन जागांवर आहे. म्हणून स्लॅब होणार, पण त्याच्यावर हवा खेळेल इतकी जागा सोडून पांढऱ्या रंगाचं पत्र्याचं दुसरं छत. कोल्हापूर-सांगलीकडे गळती थांबवायला लोक हे करतातच, आम्ही उन्हासाठी करणार. पश्चिमेला जिना, कोठीची खोली आणि न्हाणी, म्हणजे ऊन आधी त्यांनी सोसायचं. मोठ्या खिडक्या उत्तर-दक्षिणेला. भिंती विटा उभ्या रचून, मध्ये पोकळी ठेवून. त्यात विटाही कमी लागतात आणि पोकळीतली हवा ऊन अडवते. जोत्यावर, खिडक्यांच्या खाली आणि वर काँक्रीटचे पट्टे घराला कमरपट्ट्यासारखे बांधायचे, किल्लारी विसरायची नाही म्हणून. छताचं पाणी अंगणाखालच्या टाकीत. पश्चिमेची काच गेली. घर बारा फूट मागं सरकलं आणि लिंब राहिला.

चुलतभाऊ आठवडाभर बोलला नाही. एलिव्हेशन गेलं म्हणून. त्याचं दुःख मी हसण्यावारी नेत नाही. गावात आपलं घर उठून दिसावं, ही इच्छा खोटी नसते. शेवटी दर्शनी भिंतीवर त्याला हवा तो काळा दगड लावायचं ठरलं, उत्तरेच्या बाजूला, सावलीत.

आजीला वहीतलं सगळं वाचून दाखवलं. तिला विचारलं, तुला काय पाहिजे? तिनं फार वेळ घेतला. मला वाटतं हा प्रश्न तिला पहिल्यांदाच विचारला जात होता. मग म्हणाली, “सारवाय लागू ने. न्हानी आतच पायजे. आन् दारात बसल्यावर वाटंनं जानारं मानूस दिसाय पायजे.” तिसरी मागणी कुठल्याच व्हिडिओत नव्हती. तिच्यासाठी प्लॅन पुन्हा बदलला.

आमच्याकडे गावाच्या जमिनीचे दोन भाग मानतात, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची, पांढरी म्हणजे राहायची. गावठाणाची माती पांढरी होते ती पिढ्यान्‌पिढ्या तिथं घरं उभी राहून, पडून, चुलींची राख मिसळून. त्याच मातीची पुन्हा घरं व्हायची. जुनं घर पाडू तेव्हा ते पुन्हा पांढरीत मिसळेल. त्याच्या तुळया चुलत्यांनी गोठ्यासाठी मागून घेतल्यात. आम्ही आता बांधतोय ते घर साठ-सत्तर वर्षांनी पडेल तेव्हा कुणाच्या तरी ओढ्यात त्याचा राडारोडा पडेल. त्या माणसाला आज विचारता येत नाही. माझ्या व्याख्येतलं हे भोक मला दिसतंय, आणि ते बुजवायला माझ्याकडे काही नाही. कमी भिंती, कमी सिमेंट, कमी मजले, एवढंच करता आलं. दुसरा मजला रद्द केला.

वास्तू ‘तथास्तु’ म्हणत असते, म्हणून घरात वाईट बोलू नये, असं आजी सांगते. आपण जे बोलू त्यावर घर शिक्कामोर्तब करतं. मला वाटतं आपण जे बोलत नाही, ज्याला विचारत नाही, त्यावरही ते शिक्कामोर्तब करतं. म्हणून पायाखुदाईच्या आधी एकदा सगळ्यांना विचारून घेतलेलं बरं.

दिवाळीनंतर काम सुरू होईल. लिंबाखाली विटा उतरवायची जागा आजीनं ठरवून दिली आहे.